काल काय होतं ताटात?

अहो, कावळा लगेच शिवला.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर सगळी पेठ लोटली होती. ज्याला जे तुमच्या आवडीचं वाटलं ते त्यानं केळीच्या पानावर आणून ठेवलेलं. तालमीतल्या पोरांनी बदाम घातलेली थंडाई आणली. कुणी बर्फी, कुणी जिलेबी. धाकट्या वन्संनी तांबडा रस्सा केला होता. एकानं तर पेल्यातनं मिसळीचा कट आणला, वर शेव भुरभुरून. मी कडेला दोडक्याची भाजी आणि जोंधळ्याची भाकरी ठेवली. वन्सं कानाशी येऊन म्हणाल्या, "वैनी, आजच्या दिवशी तरी दादाला दोडका नको की वं."

म्हटलं, "असू दे. सवय झालीया त्यांना."

आम्ही मागं सरून नीट उभं राहायच्या आत कावळा उतरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि बर्फीचा तुकडा उचलून झाडावर. एवढी मायेनं केलेली दोडक्याची भाजी समोर असताना बर्फी! मग मला काही शंकाच राहिली नाही. तुम्हीच ते.

लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती, सुखानं गेला माणूस. सगळ्यांना बरं वाटलं, सगळे चपला शोधायला लागले. मला मात्र राग आला. इच्छा राहिली नव्हती म्हणजे काय? आपलं भांडण अर्धं टाकून गेलासा की तुम्ही! कावळ्यानं निदान घटकाभर तरी थांबायचं, माझ्यासाठी.

तेच भांडण पुरं करायला आज लिहायला बसले आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं वाचायला शिकले ते गिरणीच्या तागडीशेजारी बसून. तेव्हा जसं बोलते तसं लिहिणार. तुम्हाला माझ्या बोलण्याची सवय आहे. मध्येच "बरं, पुढं?" म्हणायला मात्र कुणी नाही, तेवढं जड जातंय.

भांडण काय होतं, ते वाचणाऱ्यांना सांगते. माणूस चांगलंचुंगलं सोडून चांगलं कशापायी खातो? गोड, तळलेलं, झणझणीत समोर असताना हात भाजीभाकरीकडं का वळतो? मी म्हणायची, भीतीनं. तुम्ही म्हणायचा, "खुळी हायस. भ्या चार दिस टिकतंय."

आणि खरं तर आपण दोघंही एकाच जागी बसून हे बघत होतो. पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्याला लोकांची जेवढी माहिती असते तेवढी डॉक्टरलासुद्धा नसते. डॉक्टरला रक्त कळतं, आपल्याला दळण कळतं. ज्या घरातनं जन्मभर गव्हाचा डबा येतो, तिथनं एके दिवशी अचानक जोंधळा आला, पिशवीत थोडा नाचणा आला, की तुम्ही वरनं धान्य ओतता ओतता माझ्याकडं बघून भुवई उडवायचा. कुणाला तरी साखर निघाली! घरातली बाई खाली मान घालून म्हणणार, "मामी, पाहुणे आल्यात गावाकडचे, त्यांना भाकरी लागतीया." आपण कशाला विचारतोय? आपण फक्त बघायचं, किती दिवस टिकतंय. महिना गेला की नाचण्याची पिशवी लहान होते. मग जोंधळा एका आठवड्याला येतो, एका आठवड्याला नाही. आणि एखाद्या सकाळी परत तो गव्हाचा डबा, काठोकाठ भरलेला. तुम्ही तो उचलून म्हणायचा, "बघ. भ्या संपलं."

मी म्हणायची, डॉक्टरनं जरा जास्त भिववायला पाहिजे होतं.

मग तुमचीच पाळी आली. तुमचा आखाडा सुटला होता, खुराक सुटला नव्हता. पैलवानाचं पोट आणि कुस्ती सोडलेल्या माणसाचं काम, यांचा मेळ बसला नाही. पायाचं बोट चिघळलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला समोर बसवलं आणि काळ्या पडलेल्या पावलांची चित्रं दाखवली. घरी आल्यावर मुकाट्यानं कारल्याचा रस प्यायलात. मला वाटलं, जिंकले मी! भीतीच खरी.

किती दिवस, सांगा बघू? बोट भरून आलं, तुम्ही चप्पल घालून रंकाळ्याला फिरायला जायला लागलात आणि येताना तोंडाला मिसळीचा वास. आपल्या कोल्हापुरात हे एक बरं आहे. तब्येतीसाठी पहाटे उठून तळ्याला चक्कर मारायची, घाम गाळायचा आणि घाम गाळला म्हणून मिसळ खायची, वर जादा कट मागून. निम्मं गाव असंच फिरतं आणि निम्म्या गावाला प्रश्न पडतो, एवढं चालून पोट आत का जात नाही.

मी काय काय केलं! साखरेचा डबा तांदळात पुरला. तुम्ही तांदूळ निवडायला घेतलात, आयुष्यात पहिल्यांदा. पोराला पुण्याहून फोन करायला लावला, त्यानं तासभर समजावलं, तुम्ही "व्हय, व्हय" म्हणत फोन कानाला धरून शेंगदाण्याचा लाडू खाल्लात. मी रडले, तर म्हणालात, "आता रडूनच भूक लागली असंल, घे, अर्धा तू खा."

आणि मग महिपती भावजी आले.

वाचणाऱ्यांना सांगते, महिपती भावजी म्हणजे ह्यांचे जन्माचे वैरी आणि जन्माचे दोस्त. हे शिवाजी पेठेतले, ते मंगळवार पेठेतले. तरुणपणी नेसरीकडच्या एका जत्रेत दोघांची कुस्ती लागली आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली. मला वाटतं, पंच घरी जाऊन सगळं विसरले असतील. ह्या दोघांनी मात्र ती कुस्ती चाळीसेक वर्षं तोंडानं चालू ठेवली. "मी घिस्सा डाव मारत होतो तवाच शिट्टी झाली." "घिस्सा? तू पळत होतास!" दोघांच्या डोक्याचे केस गेले, कुस्ती गेली नाही.

तर त्या दिवशी रंकाळ्याच्या कठड्यावर भावजी तुम्हाला भेटले, आणि नमस्कार ना चमत्कार, तुमच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "आण्णा, गिरणीतलं ऱ्हायलेलं पीठ सगळं हितंच साठवतोस व्हय रं?"

तुम्ही उसळलात. "तुजं काय कमी हाय? बनियन वर सरकालाय तुजा."

"माजं महिन्यात आत जाईल."

"तुज्या आधी माजं."

"लाव ईर्षा!"

झालं. डॉक्टरीणबाईंची चित्रं, माझे अश्रू, पोराचा फोन, ह्या सगळ्यांनी जे झालं नाही ते त्या एका ईर्षेनं, म्हणजे पैजेनं, झालं. घरी आलात आणि दारातनंच ओरडलात, "अगं, दोडका हाय का घरात?" मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं उन्हानं चक्कर आली तुम्हाला.

दुसऱ्या दिवसापासनं गिरणीसमोरच्या बाकावर रोज सकाळी तो दरबार भरायला लागला. भावजी मंगळवार पेठेतनं चालत यायचे. बसले की पहिला सवाल, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"काल काय होतं ताटात?"

"पोकळा. तुज्यात?"

"मुगाची उसळ. भाकरी?"

"दीड."

"भात?"

"भाताचा नुसता वास घेतला."

"वास घेतलास? मग वासाची अर्धी भाकरी धर!"

दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण हसता हसता घरी जाऊन सांगायच्या. हळूहळू बाकावर आणखी म्हातारे बसायला लागले, प्रत्येकजण कालचं ताट छातीवर पदक लावल्यागत सांगायचा. भाजीवाली म्हणाली, "मामी, तुमच्या गल्लीत पोकळा पुरंना झालाय. काय, सण हाय का?" आणि आपल्या गिरणीत, अहो, जोंधळ्याचे डबे येत राहिले. महिना गेला, पावसाळा गेला, तरी येत राहिले. मी तागडीवरनं बघत होते. तुम्ही वरनं भुवई उडवत होता. हरले म्हणून कबूल करायला मला बराच वेळ लागला. तुमच्या तोंडावर तर मी ते कधी म्हटलंच नाही. आता म्हणते. भ्या चार दिवस टिकतं. कुणीतरी रोज विचारणारं असलं, की माणूस जन्मभर भाजी खातो.

आणखी एक म्हणायचं राहिलंय. रविवारचं. तुम्ही आणि भावजी दर रविवारी तळ्यावरनं येताना ठरवून मिसळ खायचा, आणि एकमेकांचं एकमेकांना माफ. तुम्हाला वाटायचं, मला पत्ता नाही. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर तांबडा ठिपका घेऊन घरी यायचा आणि वर सांगायचा, "आज जरा लांबनं चक्कर मारली." मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. तो ठिपका मी साबण लावून कडक उन्हात वाळत घालायची, उन्हानं तो उडून जायचा. सहा दिवस जो माणूस हौसेनं दोडका खातो, त्याचा सातवा दिवस त्याचा त्याला द्यावा, हे मी माझं ठरवलं होतं. मला ठाऊक आहे हे कळलं असतं तर तुम्ही चोरून खाण्यातली गंमत घालवून बसला असता. म्हणून गप्प. आता कावळा होऊन बर्फी उचललीत, म्हणजे काही वारबीर बघायचं राहिलेलं नाही, तेव्हा सांगून टाकलं.

पण आपलं खरं भांडण हे नव्हतं. खरं भांडण माझ्या ताटाचं होतं.

बाई सगळ्यांच्या मागनं जेवते. आईला तसंच बघितलं कुरुंदवाडला, सासूला तसंच बघितलं इथं. तुमची गरम भाकरी, माझी सकाळची. भाजी संपली तर खर्डा. घाई असली तर चहात बुडवून चपाती, उभ्यानं, गिरणीच्या पट्ट्याकडं एक डोळा ठेवून. माझं रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरीणबाई ओरडायच्या आणि मी त्यांनाच विचारायची, "ह्यांना पेरू चालतो का?"

तुमचं लक्ष नव्हतं तोवर नव्हतं. पण स्वतःच्या ताटाकडं बघायची सवय लागली तशी तुमची नजर माझ्याही ताटाकडं गेली. एके दिवशी तुम्ही दोन ताटं घेतलीत, दोन्हीत वाढलंत, वाढताना अर्धी आमटी सांडलीत, आणि म्हणालात, "बस."

"तुम्ही जेवा. मी बसते मागनं."

"दुसऱ्याच्या ताटावर पहारा देतीस, तुज्या ताटात काय हाय ते कोण बघणार?"

"मला काय हुतंय? मी धडधाकट हाय."

"तू बसल्याबिगार मी घास घेणार न्हाय."

मला वाटलं, भूक लागली की घेतील. तुम्ही हात मांडीवर ठेवून पैलवानागत बसून राहिलात. भाकरी गार झाली, आमटीवर तवंग आला. शेवटी मी बसले, आणि दोघांनी ते गारढोण जेवण एकमेकांकडं न बघता जेवलं. दुसऱ्या दिवशी मी आपली मुकाट बसले, निदान गरम तरी. त्यानंतर कायम दोन ताटं. बाकावर तुम्ही फुशारकी मारायचा, "आमच्यात दोघं एकदम बसतोय जेवायला." भावजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते तेव्हा काठीनं मातीत रेघा मारत बसायचे.

तुमचं जायच्या आदल्या आठवड्यातलं बोलणं आठवतंय? जेवताजेवता तुम्ही मध्येच म्हणालात, "मी गेल्यावर तू परत शिळंच खाणार."

"गप्प बसा. जेवताना काय बोलतासा!"

"खाणारच. लावतीस ईर्षा?"

आणि मी हसत म्हटलं, "तुम्ही नसल्यावर ईर्षा लावायची कुणाशी?"

तुम्ही तोंडातला घास चावत राहिलात. माझ्याकडं बघून जरासं हसलात, आणि ताक मागितलंत. उत्तर दिलं नाही. मला वाटलं, अडकलात. मग तुमच्या छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच सगळं झालं, आणि माझा सवाल तसाच हवेत राहिला.

म्हणून मला त्या कावळ्याचा राग आला.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. पोरगा म्हणाला, "आई, पुण्याला चल. गिरणीचं काय ते नंतर बघू." म्हटलं, "बघते." तोही गेला. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले, सवयीनं दोन ताटं काढली आणि एक परत ठेवलं. मग म्हटलं, एका जीवासाठी तवा कशाला तापवायचा. दुसरंही ठेवलं. चहा केला, टोस्ट खाल्ले, झोपले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अहो, तुमचं म्हणणं खरं होत होतं आणि ते मला कळत होतं. सबंध गल्लीला दोडका खायला लावणाऱ्या घरातली बाई, टोस्ट खात बसली होती. कुणी विचारणारंच नव्हतं. पेठेतल्या बाया येऊन मायेनं पाठीवरनं हात फिरवायच्या, पण सुतकातनं उठलेल्या बाईला कालचं ताट कोण विचारतंय?

आणि काल सकाळी काठी वाजली. गिरणीचं शटर बंद, मी पायरीवर बसलेली. महिपती भावजी आले. बाकावर बसले, आपल्या नेहमीच्या जागी, शेजारची जागा सोडून. दोघांनीही त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि गल्ली दणाणेल असे ओरडले,

"वैनी! काल काय होतं ताटात?"

मी दचकलेच. "काय म्हणालासा?"

"ताटात. काल. काय होतं?"

"चहा घेतला... आन टोस्ट."

"हरलासा!" त्यांनी काठी आपटली. "आमच्यात दोडका. जोंधळ्याची भाकरी, दीड."

"भावजी, हे काय चालवलंय?"

"मी न्हाय, आण्णानं चालवलंय. गेल्या म्हैन्यात हितंच बसून मला म्हणाला, म्हिपती, मी आधी गेलो तर माज्या जागी हिच्याशी ईर्षा लावायची. माजी बायको हरायची न्हाय, सांभाळून ऱ्हा, असंबी म्हणाला." आणि एवढं बोलून त्या पैलवान माणसानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

तर हे उत्तर होतं तुमचं. मला न सांगता त्यांना देऊन ठेवलंत. सवाल मी केला त्याच्याही आधी! जेवताना म्हणूनच हसलात.

माझ्याही डोळ्याला पाणी आलं. पण अहो, मी गिरणीवाली आहे. पाणी पुसता पुसता माझ्या डोक्यात एक लख्ख उजाडलं.

"भावजी, जोंधळ्याची भाकरी खाल्लासा?"

"व्हय."

"दीड?"

"दीड."

"तुमचं दळण आमच्यातनं जातंय, आठवड्याच्या आठवड्याला. ह्यांना जाऊन पंधरवडा झाला, तवापासनं गिरणी बंद हाय. पीठ कुठनं आणलंसा?"

भावजींनी काठीकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं.

"दुसऱ्या गिरणीतनं आणलं म्हणा की," मी म्हटलं.

"दुसऱ्या गिरणीत? आण्णाची गिरणी सोडून?" ते दुखावलेच. मग हळूच म्हणाले, "चहा आन खारी. सून वाढून ठेवतीया वं, माजाच हात जाईना. कुणाला सांगायचं, काय खाल्लं ते?"

एवढा मोठा गडी, लहान पोरागत बसला होता. दोघंही हरलेले, आणि दोघंही एकमेकांना फसवायला निघालेले. मला हसू आलं. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदा, पोटातनं. ते बघून भावजीही हसले, आणि शेजारच्या दारातल्या बाया बघायला लागल्या, ह्यांना झालं काय.

मी उठले. कनवटीची किल्ली काढली. "भावजी, शटरला हात लावा."

आत सगळ्यावर पिठाची साय बसली होती. तुमचा रुमाल खुंटीवर तसाच. तो मी काढला नाही, काढणारही नाही. कोपऱ्यात आपल्या घरचा जोंधळा होता, तुम्हीच निवडून ठेवलेला. भावजींनी तो वर ओतला, मी बटण दाबलं. पट्टा फटफट करत फिरायला लागला. सगळ्या गल्लीला कळलं. घटकाभरात बाया डबे घेऊन आल्या. येतील तशी रांग लावली. बघितलं तर बहुतेक डब्यांत जोंधळा. गिरणी उघडायची वाट बघत सगळ्यांनी दम धरला होता. तिथं असता तर तुमची भुवई कपाळाच्या वर गेली असती!

पोराला फोन करून सांगितलं, पुण्याला दिवाळीला येईन, राहायला नाही. इथं माझी कुस्ती लागली आहे.

भावजींना पीठ दिलं आणि दम दिला, "आता खरं सांगायचं. मला दळण कळतंय." ते काठी टेकत गेले, आणि मागं वळून न बघता ओरडले, "उद्या कळंलच कोण हरतंय ते!"

संध्याकाळी एकच ताट काढलं. तवा तापवला. पहिली भाकरी फुगली ती तव्यावरनं थेट माझ्या ताटात. कुणाची वाट नाही, कुणाच्या मागनं नाही. पहिल्या घासाला तुमच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, खोटं कशाला सांगू. पण समोर उद्याची सकाळ होती, बाक होता, आणि आवाज चढवून विचारणारा माणूस होता. खाल्लं सगळं. आज सकाळी भावजींना सांगितलं, त्यांनी कपाळावर हात मारला, त्यांची एकच भाकरी झाली होती, म्हणजे हरले ते.

आता तुम्हाला सांगते. काल पोकळा होता, लसूण घालून. भाकरी दीड, ताज्या पिठाची, गरम. भाताचा नुसता वास घेतला.

बोला आता.